दोन टेबलं, मध्ये चार बोटं

कोलंबस, ओहायो
सोमवार, १२ ऑगस्ट २०१९

प्रिय लोविना,

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की नव्या खोलीत मॅमला पलंगावर पडल्यापडल्या फाट्यापर्यंतचा रस्ता दिसेल. ते खरं नाही. मी कॉम्प्युटरवर आपलं सगळं घर उभं केलं होतं, जुना भाग, त्याला जोडलेल्या नव्या दोन खोल्या, अंगणातला आक्रोडसुद्धा. मग पलंगाच्या उंचीवरून पाहिलं तर रस्ता अगदी स्वच्छ दिसत होता. काल भांडी घासताना एकदम आठवलं की मध्ये बग्गीची छपरी आहे. ती मी काढलीच नव्हती. जे आपण घातलं नाही ते हा प्रोग्राम दाखवत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी तिथे मोकळं रान होतं. आज छपरी घातली आणि रस्ता गेला. आता पलंगावरून फक्त पत्रा दिसतो. मागचं पत्र तू मॅमला वाचून दाखवलं असशील तर हेही दाखव. आजारी आईला खोटी आशा लावून ठेवलेली मला नको आहे.

खिडकी डावीकडे सरकवली तर थोडा रस्ता मिळतो, पण मग पलंग थेट दाराच्या वाऱ्यात येतो. तिच्या छातीला ते बरं नाही. काय करायचं ते तिलाच विचार.

मालकांनी दुकान बंद झाल्यावर तासभर प्रोग्राम वापरायची परवानगी दिली आहे. दिवसभर मी ह्याच टेबलाशी बसून परक्यांची घरं वाढवते. कोणाला दुसऱ्या गाडीसाठी जागा हवी असते, कोणाला स्वयंपाकघराची भिंत पाडायची असते. वीज न वापरणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा प्रोग्राम केलेलाच नाही. भिंत ओढली की तो तिच्यावर आपणहून विजेची बटणं लावतो आणि छताला दिवा टांगतो. मी एकेक पुसत जाते. सगळी पुसली आहेत असं वाटतं, तरी एकदा बघून घे.

जुन्या घराची मापं फारशी विचारावी लागली नाहीत, बरीचशी हातापायांना माहीत होती. जिन्याखालचं कपाटही घातलं, जिथे आपण दोघी बहिणी आपल्या भावापासून, रूबेनपासून लपायचो. त्याची नकाशाला काही गरज नव्हती.

नकाशा कोणी काढला हे डॅटना सांगू नकोस. वाळीत टाकलेल्या माणसाच्या हातून काही घ्यायचं नाही, त्याच्याबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही, हा आपल्या चर्चच्या मंडळीचा नियम, आणि माझ्यामुळे आपल्या वडिलांवर तो मोडायची वेळ यायला नको. बाप्तिस्म्याच्या आधी शिकायला बाहेर पडले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. मी वचन देऊन मग बाहेर पडले. ते मला तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टरांनी मॅमला जिना बंद केला, हृदय दमलं आहे, एवढंच तू लिहिलंस. आणखी काय म्हणाले? जमीन गोठायच्या आत पाया घालायला हवा हे कळतं. पण घाई त्याहून मोठी असेल तर मला सांग. नव्या खोलीत फळ्या ठोकून झाल्या की मी येईन आणि तिच्याबरोबर जेवेन असं मी तिला कबूल केलंय. ते कायम आहे.

तुझी
अल्टा

---

मिल रोड, होम्स काउंटी
मंगळवार, २० ऑगस्ट

प्रिय बहिणीस,

प्रभूच्या नावाने नमस्कार. सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन. पीच सगळे एकदम पिकले, त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नाही. बरण्या उकळून उकळून माझ्या बोटांची कातडी गेली. माझा धाकटा पीचच्या टोपलीत झोपतो.

तुझा नकाशा पोचला. रूबेन पाकीट हातात घेऊन उभा. म्हणाला, "हे घेतलेलं चालतं का?" मॅम म्हणाली, "तुला कोणी दिलं?" "पोस्टमनने." "मग? पोस्टमनला कोणी वाळीत टाकलंय?" झालं, पाकीट फुटलं. डॅटना दुकानातून आला असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. बोलले काही नाहीत, पण ते कधी बोलतात?

रंगीत चित्रं मॅमने पलंगाजवळच्या भिंतीला लावलीत. रोज बघते. म्हणते, "एवढ्या रिकाम्या घरात राहतं तरी कोण? एक बूट नाही कुठे." बटणं तू सगळी पुसलीस खरी, पण एका चित्रात भिंतीवर टीव्ही राहिलाय. मॅमने पेन्सिल घेतली आणि त्याच्यावर रजई काढली. आता बरा दिसतो.

छपरीचं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खिडकी हलवू नका, छपरी हलवा." मला वाटलं थट्टा करते. डॅट रविवारी मंडळीत दोन शब्द बोलले आणि काल सकाळीच माणसं आली. चारी बाजूंनी हात घातले, एकाने "हं" म्हटलं, आणि छपरी उभीच्या उभी चालत तबेल्यामागे गेली. आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती उठलीसुद्धा नाही. तेव्हा तुझा रस्ता आहे तिथे आहे. तू घातलेली छपरी पुसून टाक.

एक बदल मात्र कर. स्वयंपाकघरात तू एकच लांब टेबल दाखवलंयस. ते नको. दोन हवीत, एकापुढे एक, आणि मध्ये चार बोटं अंतर. इथे तसं ठरलं आहे. कागदावर असेल तेच डॅट करणार, तेव्हा नीट दाखव.

मॅम बरी आहे. दमते, पण आपण काय दमत नाही? काळजी करू नकोस.

लोविना

---

कोलंबस
सोमवार, २६ ऑगस्ट

प्रिय लोविना,

टेबलं दोन केली. सोबतच्या कागदावर आहेत. छपरी पुसली.

प्रोग्रामला हे पटत नव्हतं. दोन टेबलं जवळ नेली की तो ती ओढून एकमेकांना चिकटवतो. त्याला वाटतं माणसाचा हात चुकला, ह्यांना एकच करायचं असणार. मी वेगळी केली, त्याने पुन्हा जोडली. शेवटी ती सोयच बंद करावी लागली. "चार बोटं" हे मापही तो घेत नाही, त्याला इंच लागतात. मी माझी बोटं पट्टीला लावली आणि तो आकडा लिहिला.

"इथे तसं ठरलं आहे" असं तू लिहितेस. कोणी ठरवलं ते लिहीत नाहीस, आणि मला विचारावंही लागत नाही. दोन वर्षांपूर्वी मी आले होते तेव्हा मला चुलीशेजारी ते साय काढायच्या यंत्राचं बुटकं टेबल दिलं होतं, आठवतं? भिंतीकडे तोंड करून जेवले. पण ते कोणीतरी घाईने ओढून आणलेलं होतं. मी गेल्यावर ते परत जागेवर जाईल, मग कधीतरी लागणारही नाही, असं मनाशी म्हणता येत होतं. आता डॅट ते अंतर पक्क्या लाकडात करून घेत आहेत. मॅमच्या नव्या घरात. ती आजारी असताना. आणि आखायला मी.

नियम त्यांचा नाही, मंडळीचा आहे, हे मला कळतं. मी त्यांना दोष देत नाही. (हे वाक्य पुन्हा वाचलं. देते आहे. तेही खरं लिहायला हवं.)

फळ्या ठोकून झाल्या की येईन म्हटलं होतं, ते राहू दे. मॅम बरी आहे असं तू म्हणतेस, म्हणजे घाई नाही. वसंतात बघू. तिला सांग की दुकानात कामं फार आहेत. नको, तसं सांगू नकोस, कामं तेवढी नाहीत. काहीच सांगू नकोस.

नवं छप्पर जुन्याला जिथे मिळतं तिथला उतार पुन्हा तपासून वेगळ्या कागदावर काढला आहे. तेवढा रूबेनला नक्की दे. तिथे चूक झाली तर पाणी मॅमच्या उशाशीच उतरेल.

अल्टा

---

मिल रोड
सोमवार, ९ सप्टेंबर

अल्टा,

नमस्कार. दोन दिवस पाऊस, आज उघडलं.

मॅमला मी काही सांगितलं नाही. ती विचारते, "अल्टाने टेबलं काढली का?" मी म्हणते, काढली. "काय म्हणाली?" मी म्हणते, प्रोग्रामला पटत नव्हतं, तो सारखी चिकटवत होता. ह्याच्यावर ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तुला काय लिहू? एवढं शिकलीस आणि चार बोटं जड झाली तुला. इथे सगळेजण नियम जमेल तेवढा वाकवतात, आणि तू नेमका कुठे वाकला नाही ते पट्टी घेऊन मोजत बसतेस. मला सहा पोरं आहेत, एक नवरा आहे, आणि आता वर मॅमच्या खोलीत आठ वेळा जाणं. मला तुझ्यासारखं एका वाक्यावर आठवडाभर बसता येत नाही.

यावंसं वाटत नसेल तर येऊ नकोस. पाया झाला. शनिवारी भिंतींच्या चौकटी उभ्या राहतील. उताराचा कागद रूबेनला दिला, तो म्हणाला बरोबर आहे.

मॅम आहे तशीच आहे.

लोविना

---

कोलंबस
गुरुवार, २४ ऑक्टोबर

प्रिय लोविना,

सोमवारी दफनानंतर मी जेवणाला न थांबता, कोणाला न सांगता निघून आले. त्याबद्दल लिहिते आहे.

सकाळी तबेल्यातल्या प्रार्थनेला मी मागच्या बाकांवर, बाहेरच्या माणसांत बसले. माझी जागा तिथेच होती, कोणी मला तसं सांगितलं नाही. शेवटचं बघायला रांग लागली तेव्हा तुझ्या नणंदेने मला हळूच पुढे घेतलं. मॅमच्या अंगावर लग्नातला पांढरा ॲप्रन होता. तो तिला दोनदा गुंडाळून बसेल एवढी ती उतरली होती. तिथे उभी असताना मला तुझी वाक्यं आठवली. मॅम बरी आहे. मॅम आहे तशीच आहे. मी दोन्ही खरी धरली. धरायची नव्हती, असं आता म्हणणं सोपं आहे. मला तेव्हा ती खरी हवी होती, कारण ती खरी असली तर मला रागावून बसता येत होतं.

जेवणाची बाकं मांडायला लागले तेव्हा दोन बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या. एकीच्या हातात ताट होतं आणि ते कुठे ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. त्या दिवशी माझ्यामुळे कोणाला काही ठरवावं लागू नये असं वाटलं. म्हणून गाडीकडे गेले.

नवं घर बाहेरून पाहिलं. वासे चढले आहेत, अर्ध्या छपरावर पत्रा आहे. खिडकी मी काढली तिथेच आहे. आत गेले नाही. ती ज्या खोलीत एकदाही झोपली नाही त्या खोलीत पाय ठेवायला मला धीर झाला नाही.

मला एकच विचारायचं आहे. मी आले नाही त्याबद्दल ती काय म्हणाली? जे म्हणाली ते लिही. मला बरं वाटेल असं लिहू नकोस.

अल्टा

---

मिल रोड
सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय बहिणीस,

प्रभूच्या नावाने नमस्कार. पहिलं गोठलेलं दहिवर पडलं. कोबी काढला.

तू विचारलंस ते सांगते. ती काही म्हणाली नाही. तू यायची थांबलीस हे तिला माहीतच नव्हतं. फळ्या ठोकून झाल्या की अल्टा येणार, हेच ती धरून होती. रोज रूबेनला विचारायची, "फळ्या आल्या का?" तो म्हणायचा, "येतायत, मॅम. झाडं अजून उभी आहेत." त्या दोघांचं हे चालायचं. फळ्या शुक्रवारी आल्या. त्याच शुक्रवारी पहाटे ती गेली.

दुखण्याचं मी तुझ्यापासून लपवलं. डॉक्टर ऑगस्टमध्येच म्हणाले होते की पुढचा वसंत दिसणार नाही. मॅमने मला बजावलं, "अल्टाला लिहू नकोस. घाबरून आली तर ते काय येणं? तिला यावंसं वाटलं म्हणून येऊ दे." मी तिचं ऐकलं. मोठी मुलगी ऐकतेच. आता दूध काढताना, कपडे वाळत घालताना रोज वाटतं की एकदा तरी ऐकायला नको होतं.

आणि आणखी एक. टेबलं डॅटनी मागितली असं तू धरून बसलीस, आणि मी तुला सोडवलं नाही. आधी रागात होते. राग गेल्यावर लिहायला घेतलं तेव्हा मॅम वाईट झाली. खरं काय झालं ते डॅट लिहिणार आहेत. हो, डॅट. तीन कागद फाडून झाले. मी शाई आणून दिली तर म्हणाले, "पेन्सिल दे, खोडता येतं."

तुझ्या नावाचं ताट त्या दिवशी मी वाढलं होतं. झाकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत कोणाला उचलवलं नाही.

तुझी
लोविना

---

रविवार, १० नोव्हेंबर

अल्टा,

मला पत्राची सवय नाही.

नकाशा तुझा हे पहिल्या दिवशी कळलं. जिन्याखालचं कपाट कोलंबसच्या दुकानाला कसं माहीत असणार? मी बोललो नाही. बोललो असतो तर परत करावा लागला असता. नकाशा चांगला होता. उतार बरोबर निघाला. गळत नाही.

टेबलांचं. मी एकच करणार होतो. दोन म्हाताऱ्या माणसांना एक पुरे. तुझी आई नाही म्हणाली. म्हणाली, "एकच केलंत तर अल्टाला कुठे बसवाल? एका टेबलाशी तिच्याबरोबर आपल्याला बसता येत नाही. दोन केलीत तर येतं." मी म्हटलं, मग हातभर अंतर ठेवतो, म्हणजे कोणी बोलणार नाही. ती म्हणाली, "चार बोटं. तेवढ्यावरून भांडं सरकवता येतं. कोणाला कोणाच्या हातात द्यावं लागत नाही."

सप्टेंबरच्या शेवटी एका चांगल्या दिवशी मी आणि रूबेनने तिला खुर्चीसकट खाली आणलं. छप्पर नव्हतं. टेबलं झाली होती, ती मांडून दाखवली. अंतर तू कागदावर लिहिलं होतंस तेच ठेवलं होतं. तिने मध्ये बोटं घालून पाहिली. तिची बोटं बारीक झाली होती, जागा उरली. मी विचारलं, जवळ घेऊ का? ती म्हणाली, "नको. ही अल्टाची बोटं आहेत." बराच वेळ हात तिथेच ठेवून बसली.

दोन्ही टेबलांवर पुरेल असं एकच कापड तिने पलंगावर बसून शिवलं. टाके सगळीकडे सारखे नाहीत. बिशप येऊन गेले. कॉफी घेतली. कापड उचलून पाहिलं नाही.

रूबेन मोठ्या घरात आहे. मी इकडे आलो. पहिल्या टेबलाशी जेवतो. दुसऱ्या टेबलाशी एक खुर्ची ठेवली आहे.

डॅट

---

कोलंबस
मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय डॅट,

तुमचं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते. मीही आज पेन्सिलच घेतली आहे.

आधी दुरुस्ती. टेबलं वेगळी तुम्ही करून घेतलीत, मला दूर ठेवायला करून घेतलीत, असं मी लोविनाला लिहिलं होतं. ते चूक होतं. ती चूक मी नुसती मनात ठेवली नाही, तिच्या जोरावर यायचं थांबले. मॅमने माझ्यासाठी मागितलेली एकच वस्तू मी स्वतः आखली, तिचं माप स्वतःच्या बोटांनी घेतलं, आणि ती कशासाठी आहे हे मला दिसलं नाही. छपरीसारखंच झालं. मॅमला मी घातलंच नव्हतं, म्हणून ती दिसली नाही.

काल संध्याकाळी आपल्या घराची फाईल पुन्हा उघडली. उघडताना भीती वाटत होती की प्रोग्रामने टेबलं जोडून टाकली असतील. नव्हती. मी सोडली होती तशीच होती. मग पलंगाच्या उंचीवरून खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता फाट्यापर्यंत दिसतो. त्याच्यावर कोणी नसतं, कारण माणसं मी घातलेली नाहीत.

मला वर्षभर विचार करता आला असता. मला ते फार सहज जमतं. म्हणून आजच लिहून टाकते की मी येते आहे. मंडळीत परत यायला येत नाही, ते खोटं ठरेल, आणि तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. जेवायला येते आहे.

गाडी फाट्यावर ठेवीन आणि तिथून चालत येईन, म्हणजे त्या खिडकीतून मी आधी दिसेन. मॅमच्या पद्धतीचा पाव भाजून आणते आहे. तिच्यासारखा फुगत नाही, तरी. तो तुमच्या हातात देणार नाही. माझ्या टेबलावर ठेवीन. तुम्हाला हवा असला तर तुम्ही सरकवून घ्या.

कापड धुतलं नसेल तर धुऊ नका.

तुमची
अल्टा

ता. क. दिवस लिहायचाच राहिला. शनिवार, ७ डिसेंबर, दुपारच्या जेवणाला.